मायूमीचं कोपर
फिलिपिन्समधल्या आमच्या लिपा शहरात थोरांनी हात पुढे केला की पोराने तो धरून कपाळाला लावायचा, हे मूल बोलायच्या आधी शिकतं. सात वर्षांच्या मायूमीला तेवढंच जमत नव्हतं. तिचा उजवा हात जन्मापासून आखडलेला. रोडालिन नुकतीच पदवी घेऊन अशा मुलांच्या केंद्रात लागली होती, आणि त्या हातासाठी तिने जिवाचं रान केलं, हे कुणीही नाकारणार नाही.

पण दुबईच्या एका शाळेने नोकरीच्या मुलाखतीआधी व्हिडिओ मागितला, तुमच्या हाताखाली मूल काय शिकलं ते दाखवा म्हणून, आणि बाईसाहेबांची मती फिरली! मायूमीचा हात अर्ध्यावर अडायचा. रोडालिनने कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने तिचं कोपर खालून उचलून धरलं, आणि समोर बसवलेल्या केंद्रातल्या आयाबाईंचा हात पोरीच्या कपाळाला टेकला. नोकरी पक्की झाली. वर तोच व्हिडिओ तिने मायूमीच्या आईला, मर्लिंडालाही पाठवला. कशाला पाठवायचा? कौतुकाची हाव, दुसरं काय!

रोडालिनच्या निरोपाच्या जेवणाला मर्लिंडा आपल्या म्हाताऱ्या सासूला, मायूमीच्या लोलाला म्हणजे आजीला, घेऊन आली. पानसितच्या शेवया ताटात तशाच ठेवून म्हातारीने हात पुढे केला. "ये गं बाय, मोबाइलमध्ये केलंस तसं कर."

मायूमीचा हात अर्ध्यावर थांबला.

"अगं, कर ना! लोला किती लांबून आल्यात तुझ्यासाठी," मर्लिंडा म्हणाली. कुणीतरी फिस्सकन हसलं, तशी ती भडकली. "टीचरपुढे बरं जमतं! घरी नुसती नाटकं. रोज ओरडते, तरी ढिम्म. आळशी मेली!"

रोज! आपल्या लबाडीपायी ही पोर रोज बोलणी खात होती. रोडालिनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मायूमी रडली नाही की रुसली नाही. ती वळली आणि सगळ्यांदेखत तिने आपलं कोपर रोडालिनपुढे केलं.

रोडालिन उठली, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि कोपर धरलं. म्हातारीचा हात कपाळाला टेकला. मायूमी खुदकन हसली. बाकी कुणी हसलं नाही.

मर्लिंडा आधी त्या कोपराकडे बघत राहिली, मग दाराशी बांधून ठेवलेल्या रोडालिनच्या बॅगांकडे.

"आता कोण धरणार, टीचर?" तिने विचारलं.

कोपर अजून रोडालिनच्याच हातात होतं.