इशारा नसलेले निवेदन

दाखला अवघ्या तीन ओळींचा होता. सदर ग्रामस्थांचे यापूर्वी या कार्यालयास कोणतेही निवेदन प्राप्त झालेले नाही, एवढाच त्याचा आशय, आणि खाली आवक-जावक कारकून या नात्याने ढुंढिराजपंतांनी सही करायची होती. त्या सहीवर अटक झालेल्या अकरा माणसांचे भवितव्य अडकले होते. फाट्यावर महामार्ग रोखून धरणाऱ्यांनी आधी अर्जविनंत्या केल्या होत्या असे दिसले असते, तर प्रकरण किरकोळ दंडावर मिटले असते. काहीच न कळवता त्यांनी रस्ता अडवला असे ठरले, तर पोलीस कठोर कलमे लावणार होते. ती कलमे लागावीत, अशी ढुंढिराजपंतांची मनोमन इच्छा होती, आणि ती इच्छा लपवावी असेही त्यांना वाटत नव्हते.

पंचवटीत यात्रेकरूंची श्राद्धकर्मे चालवणाऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. दूरदेशींच्या यजमानांच्या सात-सात पिढ्यांची नावे घरातल्या लांबट वह्यांत लिहिलेली असत. वडिलांनी त्यांना लहानपणी मंत्रांच्याही आधी ती वही धरायला शिकवली होती: दारी आलेल्याचे नाव सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि लिहिलेले नाव पुन्हा कधी खोडायचे नाही. पंतांनी पौरोहित्य न पत्करता तहसील कचेरीत नोकरी धरली, पण अक्षर तेच राहिले. सव्वीस वर्षे ते टपालाच्या टेबलावर बसले. तिथे मात्र त्यांना दुसरीच एक विद्या शिकावी लागली, जी कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही. निवेदन आले की आधी शेवटचा परिच्छेद वाचायचा. 'मागणी मान्य न झाल्यास अमुक तारखेस तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य तिथे असेल, तर कागद त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. ते नसेल, तर नोंद करून, शिक्का मारून, कोपऱ्यात 'दप्तरी दाखल' असे लिहायचे आणि कागद कपाटात सरकवायचा. पूर्वीच्या कारकुनाने ही रीत पंतांना सांगितली, पंतांनी ती आणखी दोघांना सांगितली. शासन नावाच्या एवढ्या थोर यंत्राला कागदातली व्यथा कळत नाही, फक्त धमकी कळते, हे त्यांना ठाऊक होते. आणि ठाऊक असण्यालाच ते अनुभव म्हणत.

रस्ता अडला त्या गुरुवारी त्यांची कन्या संपदा सटाण्याहून सकाळच्या बसने नाशिकला निघाली होती. सटाण्यातल्या एका खासगी शाळेत ती तुटपुंज्या मानधनावर शिकवत असे. सरकारी शाळेतल्या जागेसाठी तिची निवड झाली होती. अकरा वाजता कागदपत्रांची पडताळणी होती आणि वयाच्या अटीप्रमाणे तिचे हे शेवटचे वर्ष होते. शहर पाच कोसांवर राहिले असता बस थांबली. पुढे फाट्यावर दोन-अडीचशे माणसे डांबरावर बसली होती. गेल्या वर्षभरात तो फाटा ओलांडताना गावातली तीन माणसे गेली होती, शेवटची चिमणाबाई नावाची भाजीवाली. गावाला तिथे गतिरोधक आणि दिवे हवे होते.

अशा प्रसंगाचा एक ठरलेला विधी असतो. अधिकाऱ्याने रस्त्यावर यायचे, निवेदन स्वीकारायचे, दोन्ही पक्षांनी कागद धरून छायाचित्र काढून घ्यायचे, पोलिसांनी मंडळींना गाडीत बसवून संध्याकाळी सोडून द्यायचे. त्या दिवशी विधी अडला, कारण अधिकारीच अडकला. तहसीलदार रविराज साहेबांची गाडी आंदोलनामुळे तुंबलेल्या रांगेत रुतली, आणि साहेब आल्याशिवाय उठायचे नाही असे मंडळींनी ठरवलेले. चार तासांनी साहेब कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, मळ्यातल्या पायवाटेने, धुळीने माखून फाट्यावर पोहोचले. कागद घेतला, छायाचित्र निघाले, आठ दिवसांत गतिरोधक होतील असे आश्वासन दिले गेले. जे वर्षभर झाले नाही ते आठ दिवसांत होणार होते.

संपदा तीन वाजून वीस मिनिटांनी पडताळणीच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या जागी प्रतीक्षायादीतला उमेदवार घेतला गेला होता. रस्ता बंद होता हे तिने सांगितले. वेळेत हजर राहणे ही उमेदवाराची जबाबदारी आहे, असे उत्तर मिळाले. ज्यांनी शासनाचा गळा धरला त्यांच्यासाठी शासन शेतातून धावत गेले होते. हात जोडून उभ्या राहिलेल्या मुलीसाठी त्याला दाराची कडीही काढता आली नाही.

पंतांचा संताप अनावर झाला, आणि त्या संतापात अन्याय्य असे फारसे काही नव्हते. रस्ता कोणाच्या मालकीचा नसतो. त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला, ज्याने कोणाचे काही बिघडवलेले नाही, त्याला ओलीस धरून सरकारशी बोलणे ही लोकशाही नव्हे, दांडगाई आहे, असे ते कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागले. म्हणूनच साहेबांनी दाखल्याचा मसुदा पुढे केला तेव्हा त्यांनी तत्काळ लेखणी काढली. वरून यंदा कडक धोरणाचा आदेश आला आहे, असे साहेब म्हणाले. दोष दिसला तर तो गावाचा दिसला पाहिजे.

"पण साहेब, आवक पाहून घेतो एकदा," पंत म्हणाले.

"पंत, नोंदवही कोण उघडायला बसलंय? त्यांच्याकडे पोचही नाही. मी विचारून घेतलंय."

हे वाक्य पंतांना खटकले. पोच नाही हे साहेबांनी विचारून घेतले होते; म्हणजे निवेदन होते, हे त्यांना कळलेले होते. नोंदवहीत ते दोन ठिकाणी मिळाले, जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक, दोन्ही पंतांच्या अक्षरात, दोन्हींपुढे 'दप्तरी दाखल'. आणि सप्टेंबरच्या नोंदीसरशी त्यांना ती बाई आठवली. यशोदाबाई, गावातल्या बचतगटाची अध्यक्षा. तिने भीतभीत विचारले होते की भाऊसाहेब, आमच्या कागदाचं काय झालं. पंतांनी शेवटचा परिच्छेद वाचून कागद तिच्यासमोर आपटला होता आणि म्हटले होते, "यात तारीख कुठाय? तारीख घातल्याशिवाय कागद हलत नाही, बाई." तिने तारीख घातली नव्हती. थेट रस्त्यावर जाऊन बसली होती.

मसुदा तसाच घडी करून पंत घरी गेले. जेवणाच्या वेळी संपदाने आपल्या अर्जाची प्रत पुढे केली. झालेल्या विलंबाचा विचार व्हावा म्हणून तिने वरिष्ठांना लिहिले होते. भाषा नम्र, अक्षर वडिलांसारखे. खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारून मूळ अर्ज वर न पाहताच बाजूला टाकला होता.

"तो बाजूला म्हणजे कुठे जातो, बाबा?" तिने विचारले. "तुम्हाला माहीत असेल."

पंतांना माहीत होते. पत्नी उत्तराबाईंनी वाढलेला भात त्यांच्या पानात तसाच राहिला.

सकाळी त्यांनी नवा दाखला लिहिला. दोन निवेदने प्राप्त झाली. दिनांक अमुक आणि अमुक. दोन्हींवर कार्यवाही झाली नाही. चौथी ओळ कोणी मागितली नव्हती: दुसऱ्या वेळी निवेदनकर्त्यांना इशाऱ्याशिवाय कागदाची दखल घेतली जात नसल्याचे मी स्वतः तोंडी सांगितले होते. त्याखाली सही.

रविराज साहेबांनी तो दोनदा वाचला. आवाज न चढवता ते बोलले.

"पंत, तुमच्याच मुलीचं नुकसान केलंय त्या लोकांनी. त्यांना सोडवायला निघालात?"

"सोडवत नाही, साहेब. त्यांनी चार तास रस्ता अडवला, त्याची शिक्षा त्यांना व्हावीच. पण आपण वर्षभर कागद अडवला. त्याचीही शिक्षा त्यांनाच कशाला?"

साहेबांनी दाखला वर पाठवला. सही झालेला कागद ठेवून घेण्याचे धैर्य त्यांना नव्हते. दुपारी पंतांची बदली अभिलेखागारात झाल्याचा आदेश निघाला. तळघरातली ती खोली, जिथे 'दप्तरी दाखल' झालेले सारे कागद शेवटी येऊन पडतात. आदेश पंतांनी स्वतःच आपल्या नोंदवहीत चढवला, क्रमांक घातला, आणि वही मिटली.

ते सामान आवरत असताना यशोदाबाई दारात आली. जामिनावर सुटून थेट कचेरीत आली होती, पदर डोक्यावर, पायांवर अजून फाट्यावरची धूळ.

"भाऊसाहेब, तुम्ही खरं लिवलं म्हनं. लय उपकार झाले."

"उपकार म्हणू नका," पंत कोरडेपणाने म्हणाले. "तुमच्यामुळे माझ्या मुलीची जागा गेली. कोर्टात बोलावलं तर रस्ता अडवल्याची साक्षही मी देईन."



"द्या ना. चिमणाबाई मेली तवा कुनी विचारलंबी नाय, आता निदान कुनी साक्ष तरी देतंय. फकस्त आमची दोन्ही कागदं बी सांगा तिथं."

"सांगेन."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिला जामिनाच्या कागदावर शिक्का हवा होता. पंतांनी तिला आत बोलावले नाही. ते स्वतः बाकापाशी गेले, हात पुढे केला, कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.