बोटांना न कळणारा राग

वाळेवाल्या बाई सतत चिडलेल्या असायच्या. एसटीच्या कंडक्टरवर, जाळं फाडणाऱ्या बाभळीवर, आणि आम्हा तिघींवर तर कायमच. पण तेव्हाही हातात भोरडी अशी धरलेली, मान दोन बोटांमध्ये, अंग तळव्यात, की ती फडफडायची पण नाही. "राग आला तर तोंडानं काढायचा," त्या म्हणायच्या, "बोटांना कळता कामा नये."

नगरच्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. होळीच्या सुमाराला भोरड्या, म्हणजे थंडीत येणाऱ्या गुलाबी मैना, उत्तरेकडं परत निघतात. त्याआधी काष्टीच्या पुढं नदीकाठच्या बाभळीत त्यांचे थवे मुक्कामाला असतात. पहाटे तिथं बारीक जाळं लावायचं, सापडलेली पाखरं कापडी पिशव्यांत घालून फांदीला टांगायची, मग एकेकीच्या पायात नंबराचं वाळं घालून सोडून द्यायचं. ज्वारी खाणाऱ्या पाखरांना दागिने घालतात म्हणून गाव हसायचं. "हसा," बाई म्हणायच्या. "यातली एक जरी परत इथंच आली ना, मग मी हसते."

आणि ती आली. दुष्काळाच्या आदल्या साली. पायात आमचंच वाळं, मागच्या होळीचं. बाई चक्क कुणावर ओरडल्या नाहीत. फोटो काढायचा म्हणून ती पिशवीत ठेवली, आणि आम्ही पलीकडचं जाळं सोडवायला गेलो. परत येतोय तर फांदीवर एकही पिशवी नाही.

सरपंचांनी आम्हाला वस्तीवर जेवायला बोलावलं होतं. पिशव्या त्यांच्याच माणसांनी नेल्या असणार म्हणून आम्ही पळतच गेलो. चुलीवर रस्सा उकळत होता.

"या बाई, तुमचीच शिकार हाय," सरपंच म्हणाले. "म्हनलं पाव्हन्यांनी कवा सोलायची, आमीच उरकलं."

"एकीच्या पायात वाळं होतं," बाई म्हणाल्या.

"हाय की. नातीच्या करगोट्यात ववलंय. उद्या पोतंभर भोरड्या धरून देतो, त्यात काय एवढं."

बाई न जेवताच उठल्या. तशाच जाळ्याकडं परत आल्या. एक भोरडी अडकली होती. सोडवली, वाळं उचललं, आणि बोटं थरथरायला लागली. त्यांनी वाळं खाली ठेवलं, मूठ उघडली. "बोटांना कळलं," एवढंच म्हणाल्या.

पुढं प्रिन्सिपॉलांनी बाईंनाच झापलं, सरपंचांच्या दारातून न जेवता उठलात म्हणून. बाईंनी नोकरी सोडली, जाळं आम्हाला देऊन कोकणात माहेरी गेल्या. सरपंचांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला कळतं हो. पण ते "त्यात काय एवढं" अजून डोक्यात जातं.

परवाच्या होळीला आम्ही तिघी ते जाळं घेऊन परत गेलो. वस्तीवरनं सरपंचांची हाक आली, "काय पोरींनो, यंदा तरी जेवून जानार का?"

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. हातातली भोरडी हलली नाही.