काकू, नवरी आणि खराट्याचा हीर

आमच्या तुकडीचं पोस्टिंग श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावर झालं, तेव्हा मी लान्स नायक होतो आणि माझे दोन्ही पाय सारख्या लांबीचे होते. समुद्राच्या दिशेनं तोफा डागायच्या सरावाचा कॅम्प होता. तोफा इतरांच्या, गाड्या आमच्या. गाड्यांचा प्रमुख हवालदार इस्माईल, खुद्द श्रीवर्धनचा. फौजेनं त्याला अर्धा देश हिंडवून शेवटी आईच्या दारात आणून सोडलं होतं आणि त्याचं श्रेय तो स्वतःकडे घ्यायचा. "मीच कळवला दिल्लीला," म्हणायचा, "अम्मीच्या हातचा जेवण चुकतंय."

मी मांडव्याचा. मुंबईची लाँच आमच्या बंदरातून सुटते, म्हणून मी स्वतःला अर्धा मुंबईकर समजायचो. इस्माईल मला मांडवेकर म्हणायचा, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी.

कॅम्पात दोन जुन्या स्टाफ कार होत्या. दोन्हींच्या मीटरचे आकडे एकदा पुरते फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झालेले. एकीच्या बॉनेटखाली अखंड टकटक चालायची, म्हणून ती काकू. दुसरी शहरातल्या एका गॅरेजातून नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. इंजिन चालू आहे की बंद, हे हात लावून पाहावं लागे. ती नवरी. साहेब लोकांना नवरी पसंत होती. काकूत बसायची वेळ आली की त्यांना काहीतरी दुसरं काम आठवायचं.

रविवारी परेड नसे. मग इस्माईलचा दरबार भरायचा. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरतो. त्याच्यावर आंब्याच्या कोयीसारखे निमुळते उंचवटे असतात. एकेक उंचवटा वर आला की एकेक व्हॉल्व्ह उघडतो. गाडी फार धावली की हे उंचवटे झिजतात, व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. ही झीज मोजायचं घड्याळासारखं यंत्र मोठ्या वर्कशॉपात असतं. आमच्याकडे खराटा होता.

इस्माईल खराट्यातून माडाचा एक लांब हीर, म्हणजे झावळीच्या पात्यातली ताठ काडी, उपसायचा. इंजिनाचं वरचं झाकण काढून लाकडाच्या ठोकळ्यावरच्या खिळ्यावर तो हीर आडवा टेकवायचा, आखूड टोक दोऱ्यानं व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला बांधायचा. मग मी पुढून हँडल हळूहळू फिरवायचो. व्हॉल्व्ह नखाएवढा खाली गेला की हिराचं लांब टोक वीतभर वर उठायचं.

"सलाम," इस्माईल म्हणायचा. मग पुढचा व्हॉल्व्ह. "सलाम." सगळ्यांचा सलाम सारखा उंच हवा. ज्याचा अर्धा, त्याचा कॅम झिजला. काकूचे सगळे सलाम परेड ग्राउंडवरच्यासारखे कडक होते. नवरी गॅरेजातून आल्यापासून तिची पाळी अजून लागली नव्हती. आणि कॅम्पातले खराटे दर आठवड्याला का रोडावतात, हे क्वार्टरमास्टरला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, दुपारच्या जेवणाआधी, मी एका ट्रकखाली असताना जॅक घसरला. ट्रक माझ्या मांडीवर आला. इस्माईलनं आणि चार जणांनी तो उचलला. कुणीतरी मांडीवर पट्टा आवळला, तरी रक्त थांबेना. कॅप्टन साहेब वायरलेसपाशी धावले. मी स्ट्रेचरवरून सगळं ऐकत होतो.

"ॲम्ब्युलन्स माणगावला येते आहे. पेशंटला घाट चढवून आणा. ओव्हर."

"रॉजर. निघतो. आउट."

साहेब म्हणाले, "नवरी काढा. हादरे कमी बसतील."

मला मागच्या सीटवर आडवं केलं. इस्माईलनं स्टार्टर दाबला. नवरी नेहमीसारखी गप्प सुरू झाली. मग बॉनेटखालून एक बारीक फुस्स आलं. पुन्हा एक. इस्माईलनं इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"कार्बोरेटरमधून शिंकते, साहेब."

"चालते आहे ना?"

"सपाटीवर चालेल. माणसं बसवून घाटात न्हाय. मला बघू द्या. लगेच सांगतो."

साहेबांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग इस्माईलकडे. "काकूच्या हादऱ्यांत याचं रक्त आणखी जाईल. बघा, पण लवकर."

आणि तो खराटा घेऊन आला. उघड्या दारातून मी पाहत होतो. माझं रक्त सीटवरून खाली ठिबकत होतं आणि माझा जिवलग दोस्त झाडूतून काडी निवडत होता. पहिली त्याला पसंत पडली नाही. त्यानं दुसरी काढली.

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "मी इथं मरतोय, आणि तू केर काढतोस?"

"मरणारा मानूस इतका बोलत न्हाय. गप पड, मांडवेकर."

एकानं हँडल फिरवलं. पहिला सलाम उठला, पूर्ण. दुसरा पूर्ण. मग एक उठता उठता मध्येच थांबला आणि खाली बसला. हँडल पुन्हा फिरवलं. पुन्हा तेवढाच. साहेब वाकून पाहत होते.

"एक्झॉस्टचा हाय," इस्माईल म्हणाला. "धूर बाहेर जायला वाटच न्हाय, म्हणून उलटी शिंकते. गॅरेजवाल्यानं टकटक करणारं टॅपेट आवळून नुसता आवाज बंद केलान. झीज तशीच हाय."

"काकू," साहेब म्हणाले.

मला उचलून काकूत घातलं. म्हसळा मागे पडलं आणि घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि कानात फक्त टकटक उरायची. ती मंद झाली की मी घाबरायचो. इस्माईल गिअर बदलायचा, ती पुन्हा जोरात सुरू व्हायची. तो सारखा बोलत होता. "झोपू नको. मांडव्याला पोरगी बघितलीस ना? तिला काय सांगू, घाटात झोपला म्हणून?" मी हो-ना करत राहिलो. त्याला तेवढंच हवं होतं.

काकू एकदाही थांबली नाही. माणगावात डॉक्टरांनी जखम पाहिली आणि म्हणाले, वाटेत थोडाही खोळंबा झाला असता तर मला इथे उतरवून उपयोग नव्हता.

इस्माईल हॉस्पिटलात भेटायला आला तो तक्रार घेऊनच. साहेबांनी खात्री करायला रिकामी नवरी घाटात नेली होती, मागे ओढायला ट्रक ठेवून. पहिल्या चढावरच ती बंद पडली. इंजिन उघडलं तर तो उंचवटा कातरलेल्या सुपारीसारखा सपाट. "माझ्या शब्दावर इश्वास न्हाय साहेबाचा," तो म्हणाला. मग माझ्या उशाशी अम्मीनं पाठवलेले नारळाचे लाडू ठेवले आणि त्यातले निम्मे स्वतःच खाल्ले.

पाय वाचला, पण आखूड झाला. मला पेन्शनवर घरी पाठवलं. इस्माईलची तुकडी पुढे उत्तरेला, बर्फात गेली. जखमींनी भरलेली एक लॉरी गोळीबारात बंद पडली. त्यानं ती चालू करून दिली. आत जागा नव्हती. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो चालत," म्हणाला. लॉरी पोहोचली, तो नाही. त्यातला एक जवान मला भेटून हे सांगून गेला, म्हणून कळलं.

फौजेनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा मी काकू घेतली. आता ती मांडव्याला लाँचच्या उतारूंसाठी टॅक्सी आहे. उतारू टकटक ऐकून घाबरतात. मी त्यांना सांगतो, आवाज येतोय तोवर निवांत बसा.

वर्षातून एकदा मी ती घेऊन श्रीवर्धनला जातो. अम्मी आता थकली आहे, तरी अंगणात बसून माडाच्या झावळ्या सोलते, खराटे बांधते. गेल्या खेपेला मला म्हणाली, "पोरगा माझे खराटे मोडून काय करायचा, ते तरी दाखव."

मी काकूचं बॉनेट उघडलं. झाकण काढलं. अम्मीनं नव्या खराट्यातून एक हीर स्वतः निवडून दिला. पहिला तिनंही नाकारला. मी दोरा बांधला, शेजाऱ्याला हीर पाहायला उभा केला आणि पुढे जाऊन हँडल फिरवलं.

हीर सावकाश वर गेला, पूर्ण उंच, आणि खाली आला.

अम्मीनं हातातला खराटा खाली ठेवला. मग पदर सावरत जवळ आली, शेजाऱ्याला बाजूला केलं आणि हिरापाशी स्वतः उभी राहिली.

"पुन्हा फिरव," म्हणाली.

मी फिरवलं.