नामंजूर म्हणणारी आक्का

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुपवाडला कारखान्यात होते. विश्वासच बसेना! तिचा भाचा म्हणाला, "सकाळी चपात्या लाटता लाटता बसली, ती उठलीच न्हाई." महिना होत आला. पण तिच्याबद्दल सांगायला बसलं की रडू राहतं बाजूला, अंगात वारंच भरतं... काय बाई होती!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विश्रामबागेत आक्काची मुलींची खानावळ होती. मूळची कोरेगावकडची, शाळा जेमतेम चौथी. शिक्षणासाठी पतसंस्थेचं कर्ज काढणाऱ्या पोरींना जामीन राहायची ती आक्काच. एखादी पोरगी दिवसातून दोनदाऐवजी एकदाच जेवायला लागली की तिला कळायचं, हप्ता थकलाय. माझा डिप्लोमा झाला, हप्ते थकले आणि तारण ठेवलेली मूळ गुणपत्रिका संस्था काही देईना. इकडे कुपवाडचा कारखाना म्हणतो, सोमवारी मूळ कागद आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला! मी रडत बसले. आक्का कडाडली, "रडतीस काय गं? रविवारी सभा हाय न्हवं? कर्ज देताना सभासद करून घेतलंय तुमाला. चला समद्या!"

वार्षिक सभा म्हणजे काय, तर ठराव ऐकायचा, "मंजूर, मंजूर" ओरडायचं आणि चिवड्याचं पाकीट घेऊन घर गाठायचं. त्या दिवशीही अहवाल वाचून झाला, मंजूरचा गजर झाला आणि मागून आक्काचा आवाज आला, "नामंजूर!" पाठोपाठ आम्ही सतरा जणी, "नामंजूर!" अहो, सगळ्या माना मागं वळल्या! आक्का म्हणाली, "आदी पोरींचं कागद परत द्या!"

अध्यक्ष म्हणाले, "आक्का, कागद ठेवून घ्यायचा नियम आहे."

"आवं सायेब, कागद तुमच्या कपाटात, मग पोरीला नोकरी कोण देनार? आन् नोकरी न्हाई तर हप्ता कशातनं भरायचा? नियम करनारं तरी कोण, आमी सभासदच की!"

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या फौजीनं टाळी वाजवली, मग काय विचारता! दीड तास नुसती जुंपली होती. शेवटी ठराव झाला, नोकरीचं पत्र दाखवा आणि कागद घेऊन जा. सोमवारी गुणपत्रिका छातीशी धरून मी कारखान्यात हजर. आजही तिथंच आहे.

तेव्हापासून अध्यक्ष कुणीही असो, ठराव वाचला की थांबतो, बायकांच्या रांगेकडे बघतो आणि विचारतो, "काही हरकत?" आक्का दरवर्षी काहीतरी विचारायचीच. परवा सभा झाली. अध्यक्ष थांबले, सवयीनं आमच्याकडे बघितलं... कुणीच हलेना. मग मीच उठले.

म्हटलं, "आज कपाटात किती पोरांचे कागद आहेत, तेवढं सांगा."