ओरडणाऱ्या बाईचा रिपोर्ट

किस्से जमवावे लागत नाहीत. रविवारी दुपारी चार शहाणी माणसं तीन तास एका तिकिटाकडे भिंगातून बघत बसली की ते आपोआप साचतात. आमच्या मंडळाकडे बारा वर्षांत तिकिटं झाली दीडशे, आणि किस्से मात्र अल्बममध्ये मावत नाहीत!

मंडळ म्हणजे चारच जण. ग्वाल्हेरच्या दाल बाजारात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. रविवारी दुपारी रक्त-लघवीला सुट्टी, म्हणून मायक्रोस्कोप रिकामा. दुसरे दिघे सर, पाटणकर बाजारात राहणारे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. तिसरी केतकी, कॉम्प्युटरवाली, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवते. आणि चौथे मोहितेकाका. त्यांचे पूर्वज दख्खनहून घोड्यावर बसून आले, काका सरकारी खुर्चीवरून निवृत्त झाले. आम्ही जमवतो काय? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची फ्रेंच तिकिटं! फ्रेंच आमच्यापैकी एकालाही येत नाही.

"बिलकुल जरूर नाही," काका म्हणतात. "तिकिटाशी गप्पा थोड्याच मारायच्यात!"

*

एकदा मी गंमत म्हणून तिकिटाचा रिपोर्ट लॅबच्या छापील फॉर्मवरच काढला. तिकिटावर शेतात बी फेकत चाललेली एक बाई होती. म्हणून नाव लिहिलं, पेरणारी बाई. वय, एकशे अठरा. तपासणीत लिहिलं की कडा शाबूत, शाई उत्तम, पाठीवर जुना डाग. नातेवाईक म्हणून दिघे सरांचं नाव टाकलं, कारण तिकीट त्यांचं.

आमचं सॉफ्टवेअर रिपोर्ट नातेवाइकाच्या मोबाइलवर आपोआप धाडतं. सरांचा मोबाइल त्या दिवशी नेमका सुनेच्या हातात होता. संध्याकाळी तिचा फोन आला, "डॉक्टर, बाबांनी आमच्यापासून लपवलेली ही बाई कोण?"

मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "परत तिकिटंच? त्यापेक्षा बाई परवडली असती!"

*

दिघे सरांना जगातलं प्रत्येक तिकीट नकली वाटतं. तपासायची त्यांची पद्धत म्हणजे मागचा डिंक जिभेने चाखून बघणे. असलं तोंडी शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे, ते आम्ही विचारत नाही.

केतकीने एकदा हौसेने एक कोरं, न वापरलेलं तिकीट ऑनलाइन मागवलं. अशा तिकिटाची सगळी इज्जत मागच्या शाबूत डिंकात असते. "एक मिनिट हं," म्हणून सरांनी ते घेतलं, चाटलं आणि डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून बसलो.

"असली!" सर ओरडले. "शंभर टक्के असली डिंक आहे!"

"था, सर," केतकी म्हणाली. "था."

*

किला गेटजवळ एक दुकानदार जुन्या नाण्यांबरोबर तिकिटंही विकायचा. आम्ही तिथे गेलो तर चक्क फ्रेंच तिकीट! सरांनी भिंगातून दहा मिनिटं पाहिलं आणि नाक मुरडलं, "गारंटी काय?"

दुकानदाराने छातीवर हात ठेवला. "बाबूजी, नकली निकले तो दूसरा ले जाना. पूरी शीट पड़ी है!"

*

आता मोहितेकाकांचं तिकीट. सगळं वेड सुरू झालं ते याच्यामुळे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने अनाथ मुलांच्या मदतीसाठी तिकिटं काढली होती, त्यातलं हे सगळ्यात मोठ्या किमतीचं, पाच फ्रँकचं. त्यावर पंख पसरून, तोंड वासून ओरडणारी एक बाई आहे आणि तिच्या खाली शिपाई. या तिकिटाच्या नकलाही भरपूर आहेत. काकांनी ते तीस वर्षांपूर्वी घेतलं. कशाच्या जिवावर? काकूंच्या स्कूटरच्या!

काकू शाळेत गाणं शिकवायच्या आणि स्वतः स्कूटर चालवायच्या. त्या देवासला माहेरी गेल्या असताना काकांनी ती विकून तिकीट आणलं. काकू भांडल्या नाहीत. फक्त रिक्षा मिळाली नाही की दर वेळी म्हणायच्या, "अहो, तुमच्या त्या ओरडणाऱ्या बाईला सांगा, मला शाळेत सोडून ये म्हणावं. पंख आहेत ना तिला!"

काकांनी तिकीट काचेच्या फ्रेममध्ये बसवलं. फ्रेम कपाटात आणि कपाटाची किल्ली काकूंकडे. फ्रेम उघडायची नाही हा काकांचा नियम. सर दर वर्षी म्हणायचे, "उघडा, तपासू." काका म्हणायचे, "घरच्या बाईवर शक करत नाहीत!"

खरी गोष्ट अशी की काका घाबरत होते. नकली निघालं तर तीस वर्षांची पायपीट काकूंना कुठल्या तोंडाने समजावणार?

*

काकांच्या सत्तरीला केतकीने आणि काकूंनी मिळून गुपचूप बेत केला. काकूंनी फ्रेम उघडून तिकीट केतकीला दिलं, केतकीने स्कॅन करून त्याच्या बारा प्रती छापल्या. जेवायला येणाऱ्यांना भेट म्हणून! कडेचे दात पाडायला काकूंनी त्या शिलाई मशिनीखालून घातल्या, सुईत दोरा न ओवता. तिकीट काकूंनी स्वतःच पुन्हा फ्रेममध्ये बसवलं.

वाटप झालं तेव्हा प्रती अकराच भरल्या. "एक सुईखाली फाटली," काकू म्हणाल्या.

दिघे सरांनी आपली प्रत उलटसुलट पाहिली. चाखल्याशिवाय कशाला असली न म्हणणारा माणूस म्हणाला, "मोहिते, भेट म्हणून असली तिकीट कशाला वाटता?" आम्ही पोट धरून हसलो. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. वडे वाढता वाढता त्या सरांकडे बघत राहिल्या.

पुढच्या महिन्यात काकूंनी लालभडक नवी स्कूटी घेतली. साठी उलटलेल्या काकू आणि मागे मुठीत जीव धरून काका! "भिशी लागली," काकू म्हणाल्या. अभिनंदन करून आम्ही पेढे खाल्ले.

*

गेल्या महिन्यात एका रविवारी काका लॅबमध्ये आले ते फ्रेम छातीशी धरून. भोपाळच्या प्रदर्शनात तिकीट लावायचं मनात होतं. तिथले परीक्षक ते फ्रेमबाहेर काढून बघणार, म्हणून आधी आपण बघू.

"तुमची काकू तर नको म्हणत होती," काका म्हणाले. "म्हणाली, कशाला, घरी बरी आहे बाई, प्रवासात त्रास होईल तिला. पण डॉक्टर, मला आता पता करायचंच आहे. नकली निघालं तर तिच्या पाया पडीन."

मी फ्रेम उघडून तिकीट मायक्रोस्कोपखाली सरकवलं. जुन्या छपाईत रेघा सलग दिसतात. इथे सगळीकडे ठिपके होते. निळे, लाल, पिवळे, कॉम्प्युटरच्या प्रिंटरचे. मी उठून सरांना जागा दिली.

सरांनी पाहिलं. मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि जिभेला अजिबात त्रास न देता म्हणाले, "असली!"

केतकीने डोळा लावला. "अरे, ये तो मेरे प्रिंटर का..." एवढं बोलून तिने ओठ घट्ट मिटले.

"हटा," काका म्हणाले. मोतीबिंदू काढलेला डोळा लावून ते खूप वेळ बघत राहिले. खाली रस्त्यावर काकू त्यांना न्यायला आल्या होत्या. हॉर्न दोनदा वाजला. काकांनी मान वर केली आणि खिडकीतून खाली, लाल स्कूटीकडे पाहिलं. मग पुन्हा तिकिटाकडे. मग पुन्हा स्कूटीकडे.

"लिहा डॉक्टर," ते म्हणाले. "असली. पण भोपाळ रद्द. प्रवासात बाईला त्रास होईल."

मी रिपोर्ट लिहून सही केली. ते खाली गेले. आम्ही तिघं खिडकीत. काकांनी खिशातून रुमाल काढला, स्कूटीचा आरसा पुसला, दिवा पुसला आणि फ्रेम मांडीवर घेऊन मागे बसले.

"अगं, जरा जपून चालव," त्यांचा आवाज वरपर्यंत आला. "फ्रेंच गाडी आहे."