गुणी उजवी कूस चाटत होती

आधी माफी मागतो. इथे चांगलं लिहिणारी माणसं लिहितात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच. लिहावं की नको यातच बरेच दिवस गेले. करणी, भुतंखेतं यांवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही नाही असंच म्हणेन. पण झालं ते सांगतो.

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आई घरी एक म्हैस सांभाळते — गुणी. गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या एका दवाखान्यात आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीने जमलं नाही, म्हणून उजव्या बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागला. आईला शुगर आहे, वर मिश्रीची सवय. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "जखम चिघळायला एवढं पुरेसं आहे. मिश्री बंद, शुगर ताब्यात ठेवायची, आणि ड्रेसिंगला घरी कुणी हात लावायचा नाही."

गुणीला तेवढ्यापुरती कागलला मावशीकडे ठेवली होती. आई घरी येऊन थोडेच दिवस झाले असतील, मावशीचा फोन आला.

"लेका, म्हस वैरण खाईना झालीया. नुसती उजवी कूस चाटतीया, बरगडीच्या खाली. केस गेलं की तिथलं."

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. जखम नाही, गोचीड नाही. आईला सांगितलं तर ती हसली. "माझी नक्कल करतीया व्हय भवानी? तिलाबी पट्टी बांधा म्हणावं!"

मला हसू येईना. कॉलेज बुडवून कागलला गेलो. गुणी मान मागे वळवून चाटत होती — वीतभर, तिरकी, एकच पट्टी. दवाखान्यात ड्रेसिंग बदलताना आईची जखम मी पाहिली होती. तीही वीतभर, तिरकी. गुणीच्या त्या पट्टीला हात लावला तर तेवढीच कातडी गरम लागली.

दुसऱ्या दिवशी आईला बळेच दवाखान्यात नेलं. तपासणीची तारीख अजून लांब होती.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

म्हैस चाटते म्हणून आलो, असं कसं सांगणार? "दुखतंय म्हणते," मी खोटंच बोललो.

"मी कवा म्हणलं?" आई म्हणाली. "डॉक्टर, ह्येचं डोस्कं फिरलंय."

ताप नव्हता. पट्टी वरून कोरडी होती. तरी डॉक्टरांनी ती उघडली आणि त्यांचा चेहराच बदलला. टाक्यांवर पिवळा थर बसला होता. "हे आमचं औषध नाही. काय लावलंय?"

आई हळूच म्हणाली, "भंडारा हाय, देवाचा. दवाखान्यातनं निघताना कागलच्या धाकट्या भैनीनं पट्टी उचलून लावला... चांगल्यासाठीच की वो."

डॉक्टरांनी कडेला दाबलं तसा पू आला. शुगरमुळे दुखणं जाणवलं नसेल, असं ते म्हणाले. आत किती पसरलंय ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आईला तिथूनच आत घेतलं. जखम उघडून धुतली. पण संध्याकाळी ताप जो चढला, तो उतरेचना.

नंतर मी खूप विचार केला. मावशीला जखमेची जागा माहीत होती, तिच्या मनाचे खेळ म्हणावेत — तर चाटणं मी स्वतः पाहिलंय. जनावराला पुवाचा वास आला म्हणावं, तर आई गावात आणि म्हैस कागलात. मालकीण दिसेना की जनावर अंग चाटत राहतं, असं आमचे सर म्हणाले. असेलही. पण नेमकी तीच जागा? आणि आईला स्वतःला काही जाणवायच्या आधी?

त्या दिवसांत मात्र असले प्रश्न सुचतच नव्हते. वडील काम सोडून दवाखान्यात बसलेले. मला त्यांनी परीक्षेला पिटाळलं. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. बाहेर येऊन फोन चालू केला आणि तो लगेच वाजला. वडिलांचं नाव दिसत होतं, बटण दाबायला हात धजेना.

"उतरला रं ताप," ते म्हणाले. "वाटीभर पेज पिली. आन् आता माझ्यावरच वरडाय लागलीया... ड्युटी बुडवून हितं कशाला बसलाय म्हणून."