तिरडीवरचा अबोला

नोकरी सोडल्याचं मी घरी पत्रानं कळवलं, कारण समोर उभं राहून सांगायची छाती नव्हती. पुण्यातली कंपनी, बारा वर्षांची चाकरी, विक्री खात्यातलं बऱ्यापैकी वरचं पद, आणि हे सगळं सोडून मी सिनेमा काढणार होतो. तोही स्वतःच्या हिमतीवर. वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कारण नसताना एक दिवसही घरी न बसलेला माणूस. त्यांनी पत्र वाचलं, नीट घडी केली आणि मी गावी आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कुणी विचारलंच तर सांगत, रजेवर आलाय. पाच महिने झाले तरी रजा संपेना, तेव्हा लोकांनी विचारणं सोडलं.

जेवताना मला भाजी हवी का, हे ते आईला विचारत. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला असे. आधी मला हसू यायचं, मग यायचं थांबलं. सिनेमा पडला तरी चालेल, पण या माणसानं एकदा माझ्याशी बोलावं, असं वाटायला लागलं.

शूटिंग आमच्याच गावात, अंबडपासून तासाभरावर. कॅसेटचा छोटा कॅमेरा मित्राचा, आणि कॅमेरामन म्हणून मित्रच. पहिलाच प्रसंग अंत्ययात्रेचा होता. सामान आणायला मी आदल्या दिवशी अंबडला गेलो. दुकानदारानं हळू आवाजात विचारलं, कोण? माझ्या डोक्यात आख्खी पटकथा फिरत होती. मी म्हणालो, "वडील." त्यानं बाकीची गिऱ्हाइकं बाजूला सारली, बांबू स्वतः निवडून दिले, सुतळी जास्तीची घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंबडला कलेची एवढी कदर असेल असं मला वाटलं नव्हतं.

सिनेमातल्या मेलेल्या वडिलांची भूमिका जालन्याचे एक हौशी नट करणार होते. सकाळी ते आले, दारातली तिरडी पाहिली आणि बायकोला चालायचं नाही म्हणून त्याच एसटीनं परत गेले. इकडं सगळी गल्ली इस्त्रीचे कपडे घालून शोक करायला तयार. त्यांना जुने कपडे घालायला लावण्यात माझा अर्धा तास गेला होता आणि आता मढंच नव्हतं. मी डोकं धरून बसलो.

ओट्यावरून वडील आईला म्हणाले, "त्याला विचार, मेलेल्याला बोलावं लागतं का?"

मी आईला सांगितलं, नाही.

"मंग निजतो मी. तेवढं जमंल."

आई चिडली. तिनं कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं, हातातल्या बांगड्यांवर आणखी डझनभर चढवल्या आणि पाठ फिरवून चुलीपुढे बसली. वडील तिरडीवर निजले ते असे, की मित्रानं दोनदा जाऊन श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली. लोक कॅमेऱ्यात बघतात म्हणून आम्ही कॅमेरा समोरच्या घरातल्या खिडकीआड लावला होता. मी तिथूनच इशारा केला, बायकांनी पदर तोंडाला लावले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून रडण्याचा हेल ऐकू आला. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. तिच्या गावचा कुणी माणूस काल त्या दुकानात उभा होता, हे मला नंतर कळलं. ती येऊन थेट तिरडीवर पडली. भावाचं लहानपण, त्याची माया, एकेक आठवण काढून ती रडू लागली. गल्लीतल्या बायकांना वाटलं, ही पुण्याहून आणलेली नटी. त्याही चढाओढीनं रडू लागल्या. मी थांबा म्हणायला हवं होतं. पण प्रसंग इतका सुरेख चालला होता की मी म्हणालो नाही. माझ्यातला हा नालायकपणा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

मग आत्या माझ्यावर आली. "चांगली नोकरी सोडून घरी बसला, अन् बापाचा जीव घेतला त्यानं."

ती बोलली ते पाच महिने माझ्याच मनात होतं.

वडील उठून बसले. शेजारच्या दोन बायका खरोखर किंचाळून पळाल्या. आत्यानं आधी देवाचं नाव घेतलं आणि मग भावाच्या थोबाडीत दिली. वडील गाल चोळत म्हणाले, "आक्का, त्यानं कोणाचा जीव घेतला न्हाई. मी त्याच्याकडं कामाला आलोय. जरा बाजूला सरक."

आणि नाकातला कापूस काढून त्यांनी सरळ खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं.

"मी मधीच उठलो, ते तुझं काम बिघडलं का रे? पुन्हा निजू?"